सीपी असलेलं मूल आणि घरी एकटी आई: मदत नेमकी कशात हवी?

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका वडिलांचा आहे. मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा, सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं. दोन्ही पाय ताठ, हातही थोडे ताठ; मान धरतो, पण आधाराशिवाय बसत नाही. वडील अंबड एमआयडीसीत शिफ्टला, आई दिवसभर एकटी, आजी-आजोबा पेठ तालुक्यात. आठवड्यातून तीनदा फिजिओ, शिवाय घरी रोज दोन तास व्यायाम सांगितलेला. एकेक जेवण तासभर चालतं आणि तरी वजन वाढत नाही. ते विचारतात: आम्हाला नक्की कशाची मदत लागेल, नाशिकमध्ये ती कुठे मिळेल, आणि स्टेम सेलसाठी पैसे जमवावेत का?

शेवटचा प्रश्न आधी संपवू. जमवू नका. सीपीवर स्टेम सेल हा भारतात मान्यता असलेला उपचार नाही. रीतसर परवानगी असलेल्या संशोधन चाचणीबाहेर तो देऊ नये असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि अशा चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसेही घ्यायचे नसतात. त्यामुळे कोणी पॅकेजचा आकडा सांगितला की तिथून उठायचं. हायपरबेरिक ऑक्सिजनचाही (बंद कक्षात जास्त दाबाने दिलेला ऑक्सिजन) सीपीमध्ये फायदा सिद्ध झालेला नाही. हाडवैद्याकडून जोर लावून पाय 'मोकळे' करून घेणं तर धोक्याचं आहे: न चालणाऱ्या मुलांची हाडं मुळात नाजूक असतात, त्यात फिटची काही औषधं ड जीवनसत्त्व कमी करतात, आणि मांडीचं हाड मोडल्याचं कधीकधी सूज आल्यावरच कळतं. घरी हलक्या हाताने तेल लावायला काहीच हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. प्रश्न पुन्हा वाचा. डॉक्टर, फिजिओ, नातेवाईक सगळ्यांनी मिळून आईला कामं दिली आहेत. तिचं एखादं काम कमी मात्र कोणी केलेलं नाही. दिवसाचं खाणंच चार-पाच तास, त्यात दोन तास व्यायाम, फिजिओकडे जाणं-येणं, अंघोळ, लंगोट, रात्रीची जागरणं. या दिवसात आणखी काही कोंबलं की पहिल्यांदा व्यायाम सुटतो, मग फॉलोअप सुटतात, आणि मग 'पालक लक्ष देत नाहीत' असा शेरा बसतो. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावलाय की आधी आईचा वेळ आणि पाठ वाचावी. मुलाच्या तब्येतीलाही हाच क्रम फायद्याचा आहे.

सुरुवात जेवणापासून. सर्वांत जास्त वेळ तिथे जातो आणि सर्वांत मोठा धोकाही तिथेच आहे. एक जेवण नेहमीच अर्ध्या तासाच्या पुढे जात असेल तर गिळण्याची तपासणी लागते, हा साधा ठोकताळा. त्यापुढे मूल दमतं, दमलं की श्वास आणि गिळणं यांचा मेळ सुटतो, आणि शेवटचे घास श्वासनलिकेकडे जाऊ लागतात. खाताना ठसका, डोळ्यांत पाणी, जेवणानंतर ओला घरघरता आवाज, वरचेवर छाती भरणं या खुणा आहेत. काही मुलांना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी ठसका लागत नाही, म्हणून 'ठसकत नाही, म्हणजे ठीक' असं धरू नका. वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया झाला असेल तर तीही तीच खूण.

बहुतेक घरांत चूक होते ती बसवण्यात. मूल मांडीवर आडवं, मान मागे, आणि वरून बोंडल्याने किंवा चमच्याने ओतणं. मान मागे गेली की तोंड मिटत नाही, घास आपोआप घशाकडे घसरतो, गिळायला तयार व्हायला मुलाला वेळच मिळत नाही. त्याऐवजी मूल सरळ बसलेलं, कंबर आणि गुडघे काटकोनात, तळपाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडं खाली बसायचं; उभं राहून भरवलं की मूल वर बघतं आणि मान पुन्हा मागे जाते. चमचा लहान, उथळ, प्लास्टिकचा किंवा सिलिकॉनचा, कारण सीपीतली बरीच मुलं चमचा लागताच कचकन चावतात आणि स्टीलने दात दुखावतात. अर्धा चमचा घास घ्या, चमचा समोरून आडवा आत न्या, जिभेच्या मधल्या भागावर हलकेच दाबा, वरचा ओठ खाली येईपर्यंत थांबा, मग चमचा सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर घास पुसून काढायची सवय मोडावी लागते. तसं केलं की ओठ मिटायला शिकतच नाहीत. गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका.

काय भरवता यालाही तितकंच महत्त्व. अगदी पातळ पाणी, चहा, डाळीचं वरवरचं पाणी सर्वांत वेगाने घशात जातं, म्हणून ठसकाही त्याचाच जास्त लागतो. त्याहून फसवं असतं ते मिश्रण: दुधात अर्धवट भिजलेली पोळी, रसात तरंगणारे भाताचे कण. तोंडाला एकाच वेळी पातळ आणि घट्ट असं दोन्ही सांभाळावं लागतं, आणि तेच या मुलांना जमत नाही. एकजीव असावं: घट्ट खिमट, नाचणी सत्त्वाची दाट खीर, कुस्करून एकसारखा केलेला वरणभात, केळं, दही. चमचा उलटा केला तर पटकन ओघळू नये, इतपत घट्ट. पाणी किती दाट करायचं आणि कशाने, हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडूनच ठरवून घ्या.

वजन वाढत नाही याचं एक कारण असं की गिळायला सोपं म्हणून सगळं पातळ केलं जातं आणि पोट पेजेने भरतं. त्याच वाटीत जास्त ताकद घालायची. एक चहाचा चमचा तूप किंवा तेल म्हणजे साधारण ४५ कॅलरी; दिवसाच्या चार वाट्यांत एकेक चमचा म्हणजे १८० च्या आसपास. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १,०१० कॅलरी आहे, म्हणजे ही भर किरकोळ नाही. शेंगदाण्याचं कूट घालायचं तर अगदी बारीक, पिठासारखं. जाडसर कणाने ठसका लागतो. महिन्याला एकदा अंगणवाडीच्या काट्यावर वजन करून तारखेसह लिहा. तीन महिने आकडा जागचा हलला नाही तर बालरोगतज्ज्ञाला वहीच दाखवा. काही मुलांना पोटात नळी घालावी लागते. घरच्यांना ती हार वाटते आणि ती वर्षभर पुढे ढकलली जाते. दरम्यान मूल खंगतं आणि आई दिवसाचे पाच तास भरवत बसते. डॉक्टरांनी नळीचा विषय काढला तर विचारा की चवीपुरतं तोंडाने चालू ठेवता येईल का. बऱ्याचदा ठेवता येतं.

दुसरी गोष्ट खुर्ची. आधाराशिवाय न बसणाऱ्या मुलाच्या घरी एकच वस्तू घ्यायची तर ही, कारण खुर्ची असली की आईचे दोन्ही हात मोकळे होतात. तयार सीपी चेअर मिळते, पण मापं घेऊन चांगल्या सुताराकडून प्लायची करून घेता येते: बसण्याला १८ मिमी, बाजूंना १२ मिमी, वर फोम आणि पुसता येईल असं रेक्झिन. मापं मुलाला सपाट, कडक बाकावर बसवून घ्यायची, मांडीवर बसवून नाही. बैठकीची खोली म्हणजे ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचं अंतर, वजा दोन बोटं. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. 'वाढतं अंग आहे' म्हणून बैठक खोल केली की मुलाची पाठ मागे टेकत नाही, कंबर पुढे घसरते, मूल पोक काढून बसतं आणि दहा मिनिटांत रडायला लागतं. मग खुर्ची माळ्यावर जाते. वाढीची सोय पाठीमागे करा: दोन-दोन सेंटिमीटरच्या काढता येणाऱ्या गाद्या.

रुंदी कमरेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच जास्त, नाहीतर मूल एका बाजूला कलतं. पायपाट गुडघ्याच्या घडीपासून टाचेपर्यंतच्या मापावर, आणि दोन-दोन सेंटिमीटरवर खाचा ठेवून वरखाली करता येणारी. पाय लोंबकळत राहिले की अंग ताठ होतं, मग पट्टा कितीही आवळा, मूल घसरणारच. पट्टा पोटावरून नको. तो मांडी आणि कंबर यांच्या घडीतून, बैठकीला साधारण ४५ अंशांत, खाली-मागे ओढणारा हवा. पाय एकमेकांवर चढत असतील तर मध्ये ठोकळा लागतो, पण तो गुडघ्यांच्या जवळ, जांघेत नाही. मूल घसरू नये म्हणून ठोकळ्याला टेकवून ठेवणं चूक आहे, ते काम पट्ट्याचं. मूल मागे धक्का देऊन ताठ होत असेल तर बैठकीची पुढची कड थोडी उचला. ट्रे कोपराच्या उंचीला. पाठ खांद्यापर्यंत पुरते, मान दमत असेल तर डोक्यापर्यंत घ्या. प्लाय कापण्याआधी मापांचा कागद तुमच्या फिजिओला किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवून घ्या. सलग अर्धा तास बसवून मग स्थिती बदला. दिवसभर खुर्चीत ठेवलं की कंबर आणि गुडघे वाकलेल्या स्थितीतच आखडतात.

उचलण्या-धरण्यातल्या काही सवयी घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. काखेत हात घालून सरळ वर उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. आधी कुशीवर वळवा, गुडघे पोटाशी दुमडा, मग उचला. कडेवर घेण्याची आपली पद्धत अशा मुलांना छान मानवते, कारण पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना फाकलेले राहतात. फक्त कूस बदलत राहा, नाहीतर मुलाचीही पाठ वाकडी आणि आईचीही. लंगोट बदलताना घोटे धरून पाय फाकवू नका, त्याने ते आणखी आवळतात. गुडघे दुमडून दोन्हीकडे हलकं झुलवा आणि मांड्यांपासून सावकाश उघडा. कपडा घालताना जास्त ताठ हात आधी, काढताना तो शेवटी. पायांवर घेऊन अंघोळ घालणं साधारण दहा किलोपर्यंत निभतं, पुढे आईच्या गुडघ्यांवर येतं. भोकं असलेली प्लास्टिकची लहान खुर्ची, कमरेला पट्टा आणि खाली रबरी चटई, एवढी सोय आताच करून ठेवा.

आता दोन तासांच्या व्यायामाबद्दल. मुलाला झोपवून एकेक सांधा मोजून वाकवणं आणि ताणणं, यातला बराच भाग कमी करता येईल. दुसऱ्याने ताणलेल्या स्नायूचा मोकळेपणा फार टिकत नाही. फायदा होतो तो मुलाने स्वतः, त्याला हव्या असलेल्या गोष्टीसाठी, पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीचा. फिजिओला सरळ विचारा: पुढच्या सहा आठवड्यांत कोणत्या दोन गोष्टी साधायच्या, आणि त्या दिवसाच्या कोणत्या कामात बसतील? उदाहरणार्थ, 'ट्रेवरचा ग्लास दोन्ही हातांनी धरणं' हे तीन जेवणांत बसतं. 'कुशीवर वळणं' दर लंगोटाच्या वेळी बसतं, आईने वळवण्याआधी दहा आकडे मोजून थांबायचं. मग वेगळा उरतो तो वेळ उभं राहण्याचा. गुडघ्यांना गेटर (गुडघा सरळ ठेवणारा पट्टा) आणि पायांत एएफओ (पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा साचा) लावून, स्टँडिंग फ्रेममध्ये किंवा ओट्याला टेकून, पाय थोडे फाकवून. सुरुवात दहा मिनिटांनी, हळूहळू दिवसाला तासभर, दोन-तीन तुकड्यांत. त्या वेळात ट्रेवर खेळणं असावं, नुसतं भिंतीकडे तोंड नको.

एएफओ पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज वाढवत. काढल्यावर दिसणारे लाल वळ वीस-तीस मिनिटांत गेले नाहीत तर तो बोचतोय; आत कापूस न भरता ज्याने बनवला त्याच्याकडेच घेऊन जा. आत गुडघ्यापर्यंतचा, शिवण नसलेला सुती मोजा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तो बदलायचा. या वयात वर्षभरात एएफओ तोकडा होतो. ताठ स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन सुचवलं गेलं तर लक्षात घ्या, त्याचा परिणाम तीन ते सहा महिने. त्या काळात एएफओ आणि थेरपी नीट होणार नसेल तर खर्च वाया जातो.

खुब्याचा एक्स-रे हा विषय एखाद्या ओळीत संपणारा वाटतो, पण सर्वांत जास्त राहून जातो तोच. सीपी असलेल्या साधारण तीन मुलांपैकी एकाचा खुबा हळूहळू सरकतो, न चालणाऱ्यांमध्ये त्याहून जास्त, आणि सुरुवातीला दुखत अजिबात नाही. दुखायला लागेपर्यंत साधी शस्त्रक्रिया पुरेल ती वेळ टळलेली असते. तुमचा मुलगा दोन वर्षं ओलांडून गेलाय, तेव्हा एक्स-रे झाला नसेल तर याच महिन्यात करा आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी. टेबलावर मूल उताणं, दोन्ही पाय समांतर, गुडघ्याच्या वाट्या छताकडे. पाय कात्रीत असताना काढलेल्या फिल्मवरून मोजमाप चुकतं, म्हणून फिल्म काढताना आईने गुडघे धरून उभं राहावं, शिशाचा एप्रन मागून घ्यावा. आई गरोदर असल्यास हे काम दुसऱ्याने करायचं. रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' एवढंच न लिहिता खुबा किती टक्के बाहेर आहे ते लिहायला सांगा. ३० टक्क्यांच्या वर गेला की मुलांच्या हाडांच्या सर्जनकडे.

फिट किंवा झटके साधारण चारांपैकी एका मुलाला येतात. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवल्याने काही होत नाही, वेळ जातो. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे. कंपनीगणिक एका फवाऱ्यातली मात्रा वेगळी असते, म्हणून नवीन बाटली आणली की किती फवारे हे डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. फिटचं औषध आणि बॅक्लोफेन (ताठपणा कमी करणारं औषध) एकदम बंद करायचं नाही. गावी जाताना बाटली संपणार नाही हे बघणं, ही जबाबदारी वडिलांनी घ्यावी. रात्री मूल विनाकारण रडतंय असं वाटलं तर 'सवय' म्हणण्याआधी बद्धकोष्ठता, आम्लपित्त, कान, दात, एएफओचा वळ आणि खुबा, इतकं तपासा.

बोलत नाही म्हणजे सांगायचं काही नाही, असं नसतं. कानांची बेरा चाचणी आणि डोळ्यांची तपासणी झाली नसेल तर आधी ती. न ऐकणाऱ्या मुलाला 'समजत नाही' असा शिक्का फार लवकर बसतो. घरी दोन वस्तू, केळं आणि दही म्हणा, एकमेकांपासून फूटभर अंतरावर त्याच्या डोळ्यांसमोर धरा, 'काय हवं?' विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. नजर जिकडे स्थिरावेल ते द्या. या मुलांना उत्तर तयार करायला वेळ लागतो, आणि आपण तीन सेकंदांत दुसरा प्रश्न विचारतो.

आता नाशिकमधली दारं. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी असतं. नाशिकला ते त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये. बालरोग, फिजिओ, स्पीच, कान-डोळे हे एकाच आवारात, फुकट होऊ शकतं, म्हणून तीन ठिकाणच्या चकरा वाचतात. कोणता तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतो ते आधी विचारून त्याच दिवशी सगळं धरा. पेठ, सुरगाण्याकडच्या घरांना हे जास्तच लागू, कारण त्यांची मजुरी बुडते. ठक्कर बाजार बसस्थानकावर उतरून सिव्हिल चालत गाठता येतं. गावच्या अंगणवाडीत या कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली की काम सोपं. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेबद्दल किंवा अवघड साधनांबद्दल मत हवं असेल तर मुंबईला हाजीअलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था किंवा परळचं लहान मुलांचं वाडिया रुग्णालय. पंचवटी एक्सप्रेसने दादर गाठून दोन्ही जमतात.

कागदांत पहिला यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आणि प्रमाणपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सिव्हिलमध्ये तपासणी. लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं. मुदतीची तारीख फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहा. काम अडतं ते नावावरून: जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, बाल आधारवर दुसरं. अर्जाआधी ते एकसारखं करून घ्या. प्रमाणपत्र हातात आलं की राष्ट्रीय न्यासाची 'निरामया' आरोग्य विमा योजना. न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत ती काढतात, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही, आणि ओपीडी व थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. पैसे आधी आपण भरायचे, मग परत मिळतात, त्यामुळे थेरपीचं प्रत्येक बिल शिक्क्यासह हवं. वर्ष ३१ मार्चला संपतं; नूतनीकरण विसरलेली घरं बरीच.

तुमचा पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये आहात. सातपूरचं कामगार विमा रुग्णालय मुलालाही लागू आहे, आणि पूर्णपणे अवलंबून असलेल्या अपंग अपत्याला पुढे वयाची मर्यादा नाही. साधनांसाठी केंद्राची एडिप योजना: ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि पालकांचं मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन मोफत. मोठ्यांना तेच साधन तीन वर्षांनी, पण बारा वर्षांखालच्यांना एक वर्षाने पुन्हा मिळतं, हे शिबिरात आवर्जून सांगा. शिबिरात माप एका दिवशी घेतात आणि वाटप काही महिन्यांनी होतं. तोवर मूल वाढलेलं असतं, म्हणून घेताना तिथेच बसवून बघा. महापालिकेला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, त्यातल्या चालू योजनांची चौकशी मनपात करा. संजय गांधी निराधार योजनेची दिव्यांगांसाठीची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला ५०,००० आहे; एमआयडीसीतला नियमित पगार त्यात बसत नाही, तेव्हा तहसीलच्या चकरा नकोत.

तीन वर्षं पूर्ण झाली की अंगणवाडी. दिव्यांग मुलांसाठीची केंद्र सरकारची अंगणवाडी नियमावली २०२३ मध्ये आली आहे, 'असं मूल घेत नाही' हे उत्तर स्वीकारू नका. पुढे आरटीईच्या २५ टक्के जागांत ४० टक्के अपंगत्व असलेलं मूल वंचित घटकात येतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या प्रबोधिनीसारख्या विशेष शाळा बौद्धिक अक्षमतेसाठी आहेत. अडचण मुख्यतः हातापायांची आणि समज चांगली असेल तर ओळखीतल्या कोणाच्या सांगण्यावरून तिकडे घाई करू नका, आधी समज नीट तपासून घ्या.

राहिली आई. बाळंतपणात काय चुकलं, ही चर्चा घरात बंद करायचं काम वडिलांचं आणि आजीचं. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः गुदमरणं, तीव्र कावीळ, मेंदूचा संसर्ग, गर्भातच झालेली इजा अशी कारणं असतात. आईच्या खाण्यापिण्याशी किंवा ग्रहणाशी त्याचा संबंध नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, रडू येत असेल, मुलाकडे बघवत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तिला आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास पूर्ण सुट्टी मिळाली पाहिजे, आणि ती हवेत मिळत नाही. दुसरं माणूस तयार करावं लागतं. त्या माणसाला तीनच गोष्टी यायला हव्यात: खुर्चीत बसवून भरवणं, उचलणं, फिट आली तर काय करायचं. पहिले दोन आठवडे आई समोर असताना त्याने करावं, तिने फक्त बघावं आणि टोकू नये. तिसऱ्या आठवड्यात तिने अर्धा तास बाहेर जावं, मग वाढवावं. भिंतीवर एक कागद: औषधांच्या वेळा, फवाऱ्यांची संख्या, घासाचा घट्टपणा, डॉक्टरांचा फोन. आजी पेठहून महिन्यातून आठवडाभर येऊ शकत असेल तर तिला फिजिओच्या सत्राला न्या, घरी नुसतं सांगून ती जुन्याच पद्धतीने आडवं घेऊन भरवेल. आणि तुमची शिफ्ट फिरती आहे, तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळचं भरवणं आणि अंघोळ तुमची, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचं उभं राहणं आणि रात्रीचं जेवण तुमचं. नाईटच्या आठवड्यात मात्र तुमच्याकडून फार होणार नाही, तेव्हा आजीला बोलवायचा आठवडा तोच ठेवा.